उंच टाकीची पाणीपातळी वायरशिवाय दूरच्या पंपघराला कशी कळवावी?

प्रश्न – ग्रामपंचायत सदस्य, यावल तालुका
नमस्कार. आमच्या गावाची पाणीपुरवठ्याची विहीर तापीकाठी असून १ लाख लिटरची आरसीसी टाकी तिथून सुमारे २ किलोमीटरवर, केळीच्या बागांपलीकडे आहे. टाकी भरल्याची खूण देणाऱ्या फ्लोटची वायर नांगरटीत वारंवार तुटते, वीज बऱ्याचदा रात्री येते आणि ऑटोवर (वीज येताच पंप आपोआप सुरू करणाऱ्या उपकरणावर) सुरू झालेला पंप टाकी भरून वाहू लागली तरी चालूच राहतो. ऐन उन्हाळ्यात हे पाणी गटारीत जाताना पाहवत नाही. टाकीत पाण्याची खोली ३.५ मीटर असून पंप तासाला साधारण ३० हजार लिटर पाणी चढवतो. वायरलेस मापक बसवायचे ठरले आहे. सेन्सर कोणता घ्यावा आणि बागांमधून सिग्नल पोहोचेल का?

उत्तर – इन्स्ट्रुमेंटेशन तंत्रज्ञ, जळगाव
भाऊ, स्लॅबवर बसणारा अल्ट्रासोनिक सेन्सर ध्वनी पाण्यावर आपटून परत यायला लागणाऱ्या वेळेवरून पातळी मोजतो, पाण्याला स्पर्श करत नाही, म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी तो बरा वाटतो. परंतु हवेतील ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४५ अंशांना सुमारे ३५८ मीटर असतो. सेन्सर तापमानानुसार दुरुस्ती करतो खरा, पण आपल्याकडच्या मे महिन्यात त्याचे डोके उन्हात तापते, आतली हवा मात्र थंड असते आणि दुरुस्तीच चुकते. त्यामुळे त्यावर सावलीचे झाकण हवेच. शिवाय तोंडाजवळच्या काही सेंटिमीटरांत त्याला मोजता येत नाही आणि त्याच्या टप्प्यात शिडी किंवा पाण्याची धार आली की आकडे उड्या मारतात.

माझे मत पाण्यात बुडवून त्याच्या दाबावरून खोली मोजणाऱ्या प्रेशर सेन्सरच्या बाजूने आहे. तो ५ मीटर क्षमतेचा घ्यावा, छिद्रे पाडलेल्या पीव्हीसी पाइपात, पाणी पडते त्या जागेपासून दूर आणि गाळ टाळण्यासाठी तळापासून १५ सेंटिमीटर वर टांगावा. त्याच्या केबलमधील हवेची बारीक नळी बाहेरच्या हवेचा दाब सेन्सरपर्यंत पोहोचवते; ती बंद होऊ देऊ नये. तिचे टोक सिलिका जेल ठेवलेल्या कोरड्या डबीत सोडावे.

उत्तर – रेडिओ यंत्रणा बसवणारे, रावेर
८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील लोरा यंत्रे (कमी विजेत छोटे संदेश दूरवर पाठवणारी रेडिओ यंत्रे) ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतात आणि २ किलोमीटर अंतर त्यांना जड नाही. अडचण केळीची आहे, कारण पाण्याने भरलेली पाने सिग्नल शोषतात. रेडिओ लहरी दोन अँटेनांमधील सरळ रेषेभोवती पसरून जातात, म्हणून नुसती नजरेची रेषा मोकळी असून भागत नाही; मध्यावर त्या रेषेखाली साधारण ८ मीटर जागा मोकळी हवी. टाकीवरचा अँटेना १६ मीटर उंचीवर असेल आणि बाग पानांसह ३ ते ४ मीटरची असेल, तर पंपघरावर ९ मीटरांचा पोल उभारावा. अँटेना टाकीच्या आत कधीही ठेवू नये, कारण स्लॅबमधील सळ्या सिग्नल अडवतात. आकाशातून पडणाऱ्या विजेपासून बचावासाठी पोलला स्वतंत्र अर्थिंग आवश्यक आहे.

उत्तर – इलेक्ट्रिशियन, धुळे
सिग्नल तुटल्यावर पंपाने काय करायचे, हे आधी ठरवा. माझ्या मते सेन्सरच्या निवडीपेक्षाही हे महत्त्वाचे आहे. तुमच्या आकड्यांनुसार टाकीची पातळी १० मिनिटांत सुमारे १७ सेंटिमीटर चढते. दर १० मिनिटांनी संदेश येणार असेल आणि एक हुकला, तर ३५ सेंटिमीटर पाणी चढलेले असेल. म्हणून पंप ओव्हरफ्लोच्या ४० सेंटिमीटर खालीच थांबवावा आणि सलग दोन संदेश न आल्यास तो आपोआप बंद व्हावा. रिले (संदेशानुसार चालू-बंद होणारा स्विच) स्टार्टरच्या कॉइलशी सिरीजमध्ये जोडावा आणि वीज परतल्यावर पातळीचा ताजा संदेश आल्याशिवाय ऑटोने पंप सुरू करू नये, अशी जोडणी ठेकेदाराकडून लेखी मागून घ्यावी.