तिसऱ्या उकळल्या तरी विष राहतंच

भाऊ, तुम्ही विचारलंय की किनाऱ्यावरून बर्फात जळगावला येणाऱ्या तिसऱ्या (खायचे शिंपले) नीट उकळल्या तर चालतील ना. जंतू मरतील, पण सॅक्सिटॉक्सिन, म्हणजे समुद्री शैवालातून शिंपल्यात येणारं विष, उष्णतेने मोडत नाही, गोठवूनही नाही. उकळताना थोडं पाण्यात उतरतं, म्हणजे रश्श्यात. तो आपण ओरपतोच.

विषारी शैवाल माजलं की कधी पाणी लाल दिसतं, पण 'पाणी लाल नव्हतं' हाही भरवसा नको. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी वारा किनाऱ्याला समांतर वाहतो तेव्हा वरचं पाणी खोल समुद्राकडे सरकतं आणि खालचं थंड, नायट्रेटयुक्त पाणी वर येतं. शैवाल त्यावर पोसतं, पण बरंचसं बाहेरच असतं. वारा पडला की वरचं पाणी परत किनाऱ्याला लागतं, सोबत शैवालही. शिंपला पाणी गाळून खातो, विष साठवतो. म्हणून जोरदार वाऱ्यातल्या नमुन्याचा 'ठीक' अहवाल फसवा. वारा पडल्यावर पुन्हा तपासायला हवं. युरोपातली मर्यादा शिंपल्याच्या किलोभर मांसात 800 मायक्रोग्रॅम सॅक्सिटॉक्सिन, आणि डोमोइक आम्ल (शैवालाचंच दुसरं विष) 20 मिलिग्रॅम.

खाल्ल्यावर ओठ-जीभ मुंग्या आल्यासारखी झाली तर थेट दवाखाना. उतारा नाही, श्वासाला आधार द्यावा लागतो.

आपल्या गिरणा-हतनूरसारख्या जलाशयात प्रवाहाचं काम वाराच करतो: नीलहरित शैवाल (हेही विषारी असू शकतं) वाढलं तर तवंग वारा ढकलेल त्या काठाला साचतो. तिथे गुरं पाजू नका.