पार्ल्यातली गाडी आणि ‘पाणी गेलंय’

प्रेषक: फ्रीमाँटहून
विषय: मुंबईत वॉरंटी नाकारतायत, काय करावं?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांत हे हरवू नये म्हणून वेगळं लिहितेय. आईबाबा विलेपार्ले पूर्वेला असतात. गाडी दोन वर्षांची, साडेसात लाखांना घेतलेली, कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी अजून चालू आहे. परवा स्टिअरिंग एकदम जड झालं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. वर्कशॉपचं म्हणणं: पॉवर स्टिअरिंगचं युनिट गेलंय, बदलावं लागेल, पण वॉरंटीत बसत नाही, कारण ‘पाणी गेलंय’. बाबा म्हणतात, जोराचा पाऊस असला की मी गाडी काढतच नाही. वर दुसरा आक्षेप, बॅटरी बाहेरून बसवलीत म्हणून.

मी फोन केला की ‘ओनरशीच बोलू’ म्हणतात, आणि बाबांना काउंटरवर उभं करून इस्टिमेटवर सही मागतात. बाबा वैतागून ‘भरून टाकू’ म्हणतायत. भरू द्यावेत का?

प्रेषक: न्यू जर्सीहून

ताई, अजिबात नको! इथे १९७५चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा पार्ट लावला एवढ्यावर वॉरंटी उडवता येत नाही. तिकडेही असं काही असणारच. आणि एक्सवर कंपनीला टॅग करून फोटो टाक, दोन तासांत फोन येतो बघ.

प्रेषक: विलेपार्ल्याहून, काका

फोन नाही येत रे, ‘आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, नंबर डीएम करा’ असं उत्तर येतं. अमेरिकेचा कायदाही इथल्या काउंटरवर दाखवू नका, पोरं हसतील.

परत येऊन पार्ल्यात राहायला लागलो तरी या मेलच्या यादीतून नाव काढलं नाही, त्याचा आज उपयोग झाला म्हणायचा. आयुष्यभर इन्शुरन्सचे मोटार क्लेम तपासले, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

आधी डीलरचं दुखणं समजून घ्या. वॉरंटीच्या कामाचे पैसे त्याला कंपनीकडून घ्यायचे असतात. काढलेला पार्ट कंपनी तपासायला मागू शकते, आणि क्लेम फेटाळला तर भुर्दंड डीलरच्या डोक्यावर. म्हणून काउंटरवरचा मुलगा आधीच ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. मुंबईत त्याला दोन कारणं तयारच असतात, पाणी आणि उंदीर. पार्ल्यात सध्या दर दोन बिल्डिंगांआड एक पुनर्विकासाला पाडलेली, तिथले सगळे उंदीर शेजारच्या कंपाउंडमधल्या बॉनेटांत. त्यामुळे उंदराचं कारण कधीकधी खरंही असतं. पाण्याचंही असतं. अंधेरी सबवेत तुंबलेल्या पाण्यात गाडी घातली, इंजिनाने पाणी ओढलं, कनेक्टिंग रॉड वाकला, तर ती वॉरंटी नव्हेच. तिथे इन्शुरन्सचं इंजिन प्रोटेक्शन घेतलेलं असेल तरच काही मिळतं.

पण तुझ्या बाबांची केस तशी दिसत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगची मोटर स्टिअरिंग कॉलमवर, म्हणजे आत, डॅशबोर्डखाली असते. तिथवर पाणी चढायचं तर आधी सीट बुडायला हवी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर बुडालेल्या गाड्या मी रांगेने पाहिल्यात. कार्पेटखाली गाळ, सीटच्या रुळांवर गंज, आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की त्यावर पाण्याची सरळ रेघ. वरून कितीही शॅम्पू मारा, ही रेघ जाता जात नाही. आधी वर्कशॉपमध्ये खात्री करून घ्या की तुमच्या मॉडेलचं युनिट कॉलमवरच आहे. असेल तर बाबांना सांग, कार्पेट उचलून, बेल्ट ओढून फोटो काढा, गाडी वर्कशॉपमध्येच असताना.

मग बाबांच्या नोंदवलेल्या ईमेलवरून, स्वतःच्या नव्हे, डीलरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला एकच मेल पाठव. चार ओळी पुरेत: ‘जॉब कार्ड क्रमांक अमुक. पाणी नेमकं कुठे आढळलं, त्याचे फोटो, स्कॅनरचा फॉल्ट कोड आणि वॉरंटी पुस्तिकेतल्या कोणत्या अटीने नकार दिला ते लेखी कळवावे. तोवर पार्ट उघडू वा टाकून देऊ नये. कंपनीच्या प्रतिनिधीने आमच्यासमोर तपासणी करावी.’ तोंडी नकार द्यायला कुणाचं काही जात नाही. लेखी द्यायची वेळ आली की काउंटरवरचा तोच सर्व्हिस ॲडव्हायझर वर्क्स मॅनेजरला विचारायला जातो, आणि बऱ्याचदा प्रकरण तिथेच मिटतं. इस्टिमेटवर सही करू नका. गाडी अगदीच हवी असेल तर पैसे भरा, पण ‘हक्क राखून, निषेधासह’ असं बिलावर लिहून, आणि जुना पार्ट जपून ठेवायला सांगून.

बॅटरीचं: बाहेरच्या बॅटरीनेच युनिट जळलं हे त्यांनी दाखवावं. सुटे भाग आणि वॉरंटीच्या अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना दंड ठोठावला होता. पुढे अपिलं झाली, ती मोठी कहाणी आहे, पण मेलमध्ये एक ओळ घालायला हरकत नाही.

ऐकलंच नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, तुमचा वांद्रे पूर्वेला. २०१९च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. फी दुरुस्तीच्या बिलावर नाही, गाडीच्या किमतीवर. पाच ते दहा लाखांना २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करायचं, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. ऑनलाइन दाखल करता येते, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. पण निकाल कायद्यात म्हटल्यासारखा तीन महिन्यांत लागेल या भरवशावर राहू नका. कूपर हॉस्पिटलच्या मागे मुंबई ग्राहक पंचायतीचं ग्राहक भवन आहे, १९७५पासूनची संस्था. मसुदा करताना अडलं तर तिथे जाऊन विचारावं.

प्रेषक: फ्रीमाँटहून

काका, युनिट कॉलमवरचंच निघालं! मेल गेली आणि कंपनीचा एरिया मॅनेजर येऊन बघून गेला. कार्पेट कोरडं, बेल्टवर रेघ नाही. बॅटरीचा तर विषयच काढला नाही. आता म्हणतात, ‘गुडविल म्हणून’ पार्ट फुकट, लेबर मात्र तुमचं. आई म्हणते, घ्या आणि सुटा.

प्रेषक: विलेपार्ल्याहून, काका

वहिनींचं बरोबर आहे, पण सुटायच्या आधी पुस्तिका उघडा. वॉरंटीत पार्ट आणि मजुरी दोन्ही लिहिलेलं असतं. लिहिलं असेल तर मजुरीचाही रुपया द्यायचा नाही. आणि ‘गुडविल’ असं जॉब कार्डवर लिहू देऊ नका. त्याचा अर्थ, वॉरंटी लागू नव्हती, आम्ही मेहेरबानी केली. पुढच्या वर्षी तेच युनिट गेलं तर हाच कागद तुमच्यापुढे धरतील. ‘वॉरंटी’ लिहून घ्या, जुन्या आणि नव्या पार्टचे नंबर बिलावर घ्या, आणि गेट पास घ्यायच्या आधी हायवेला एक फेरी मारून या.

बाबांना सांग, सोमवारी दुपारी मी बरोबर येतो. शनिवारी जाऊ नका, शनिवारी तिथे बोलायला माणूस मिळत नाही.