बार्सिलोनात आई-बाबांसोबत पाच दिवस: पाण्यावर आणि शेजाऱ्यांवर भार न टाकणारी राहायची जागा कशी शोधू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, सध्या स्टुटगार्टला नोकरी. येत्या मे महिन्यात आई-बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे येतायत. बाबा ७१ वर्षांचे, आई ६६. बाबांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. सग्रादा फामिलिया हे तिथलं चर्च बघायचं त्यांच्या मनात किती तरी वर्षांपासून आहे, म्हणून पाच दिवस बार्सिलोना ठरवलंय.

मी उत्साहाने एक हॉटेल दाखवलं, गच्चीवर पोहण्याचा तलाव असलेलं. बाबा फोनवर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तिथे दोन वर्षांमागे पाणी मोजून वापरत होते ना लोक? तिथे जाऊन आपण गच्चीवरच्या तलावात उतरायचं?" मला ते फार लागलं, आणि पटलंही.

तेव्हापासून शोधतेय, तर प्रत्येक हॉटेल 'इको' आणि 'ग्रीन'. पानाचं चित्र, बांबूचा टूथब्रश, पलंगावर टॉवेलची चिठ्ठी. यातलं खरं काय, ते कळत नाही. शिवाय जुलै २०२४ मध्ये तिथल्या लोकांनी पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं होतं, ती बातमी आईने वाचलीय. ती विचारते, आपण नकोसे असू तर जायचंच कशाला?

अडचणी दोन. आईचे गुडघे दुखतात, आणि दोघं पूर्ण शाकाहारी. रात्री घरचा वरणभात मिळाला तर आई खूश असते, म्हणजे छोटंसं स्वयंपाकघर हवं. तिथे राहणाऱ्या किंवा राहून आलेल्या कुणी नीट सांगेल का, जागा निवडताना नेमकं काय बघायचं?

अबोली

आम्ही २०१९ मध्ये गेलो होतो. ग्रासिया भागात एका कुटुंबाच्या घरातली खोली घेतली होती. काकू सकाळी पाव-टोमॅटो करून द्यायच्या, त्यांच्याच स्वयंपाकघरात आम्ही खिचडी टाकायचो. हॉटेलपेक्षा हेच चांगलं, पैसेही स्थानिक माणसाच्या हातात जातात. तसं काही बघा.

मांजरा

कृष्णाकाठताई, मी लातूरची. बार्सिलोनात येऊन नऊ वर्षं झाली, त्यातली सहा हॉटेलांच्या कामात. सध्या एका लहान हॉटेलात खोल्यांची सफाई आणि धुलाई यांचा हिशोब माझ्याकडे असतो. तुमच्या बाबांचं वाक्य वाचून राहवलं नाही, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी अबोलीताईंना: तुमचा अनुभव छानच आहे, पण आता तो सल्ला देऊ नये असं मला वाटतं. २०२१ मध्ये इथल्या पालिकेने राहत्या घरातली खोली ३१ दिवसांहून कमी मुदतीसाठी भाड्याने द्यायला बंदी आणली. अशा खोल्या जालावर दिसल्या तरी घेऊ नका.

आता घरांचं सांगते, कारण पिचकाऱ्यांचं मूळ तिथे आहे. या शहरात पर्यटकांना देण्याचा परवाना असलेले १०,१०१ फ्लॅट आहेत, असं महापौर जाउमे कोयबोनी यांनी जून २०२४ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२८ नंतर एकाही परवान्याचं नूतनीकरण करणार नाही अशी घोषणा केली. प्रकरण स्पेनच्या घटनात्मक न्यायालयात गेलं. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला तो राहत्या घरांच्या बाजूने, पर्यटक-फ्लॅटच्या नाही. हे आकडे माझ्यासाठी नुसते आकडे नाहीत. पोब्ले-सेकमध्ये आम्ही राहायचो त्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक आजी होत्या. आमची जादा किल्ली त्यांच्याकडे असायची, माझ्या मुलाला कातालान भाषेतले पहिले शब्द त्यांनी शिकवले. मालकाने करार वाढवला नाही, आजी बादालोनाला भाचीकडे गेल्या आणि त्या घरात दर चार दिवसांनी नव्या बॅगा यायला लागल्या. आलेली माणसं वाईट नव्हती हो. पण जिन्यात कोण आपलं आणि कोण परकं हे कळेनासं झालं.

म्हणून माझी पहिली कसोटी पाण्याची नाही, घराची. तुम्ही झोपाल ती खोली कुणाचं राहतं घर काढून घेतलेली नसावी. जाहिरातीत 'एचयूटीबी' या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक दिसला, तर तो राहत्या इमारतीतला पर्यटक-फ्लॅट समजा. क्रमांकच नसेल तर तिथूनच मागे फिरा. क्रमांक खरा आहे का ते पालिकेच्या संकेतस्थळावर तपासता येतं. तो कायदेशीर असला तरी मी स्वतः घेणार नाही.

मग स्वयंपाकघराचं काय? त्यालाही वाट आहे. इथे 'आपार्तामेन्त तुरिस्तिक' असा वेगळा प्रकार असतो. अख्खी इमारतच त्या कामासाठी परवाना घेतलेली, खाली स्वागतकक्ष, वर स्वयंपाकघर असलेल्या खोल्या. तिथे कुणाच्या दारासमोर तुम्ही बॅगा ओढत नाही. आईंचा वरणभात तिथे निवांत होईल. डाळ-तांदूळ सांगलीहून आणायची गरज नाही, रावाल भागात भारतीय आणि पाकिस्तानी वाणसामानाची दुकानं भरपूर आहेत.

आता पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आमच्या लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा मी तिथेच होते. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तुम्ही सांगलीच्या, म्हणजे ते पाणी तुमच्याकडचंच. इथे आल्यावर शेजाऱ्यांनी सांगितलं की मे २००८ मध्ये बार्सिलोनाला तार्रागोनाहून जहाजाने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. समुद्रकाठचं श्रीमंत शहर, आणि पाणी जहाजातून! मला त्या दिवशी हे गाव एकदम ओळखीचं वाटलं.

पुढच्याच वर्षी शेजारच्या एल प्रातला समुद्राचं पाणी गोडं करणारा मोठा कारखाना सुरू झाला. तरी २०२१ नंतर पावसाने पाठ फिरवली आणि १ फेब्रुवारी २०२४ ला धरणांचा साठा १६ टक्क्यांखाली गेल्यावर पाण्याची आणीबाणी जाहीर झाली. सगळा वापर धरून माणशी दिवसाला २०० लिटरची मर्यादा. साउ धरणात बुडालेल्या गावाच्या चर्चचा मनोरा पायथ्यापर्यंत उघडा पडला होता, आपल्या उजनीत पळसदेवचं देऊळ वर येतं तसा. त्या दिवसांत अनेक घरांत शॉवरखाली बादली ठेवत. गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी त्यात धरायचं आणि झाडांना घालायचं. माझ्या घरात ती बादली अजून आहे. मेमध्ये पाऊस झाला आणि आणीबाणी उठली, पण खारं पाणी गोडं करायला वीज लागतेच, तेव्हा नळ चालू आहे म्हणजे पाणी स्वस्त आहे असं नाही.

इथल्या माणसाचा घरगुती वापर दिवसाला १०० लिटरच्या आसपास आहे. आलिशान हॉटेलांत हा आकडा पाहुण्यामागे दुपटीहून वर जातो: तलाव, स्पा, टब, रोजच्या चादरी. म्हणून तलाव नसलेलं, टबाऐवजी शॉवर असलेलं, कमी खोल्यांचं ठिकाण घ्या. बाबांनी एका वाक्यात सांगितलं तेच.

टॉवेलच्या चिठ्ठीवर मात्र विसंबू नका. मी आधी काम करायचे त्या हॉटेलात प्रत्येक पलंगावर पृथ्वीचं चित्र असलेली चिठ्ठी असायची, आणि पाहुण्याने टॉवेल खुंटीला टांगून ठेवला तरी तो बदलायचा असा आम्हाला तोंडी हुकूम होता. धुलाईची बिलं माझ्या हातून जायची, म्हणून मला ठाऊक. चिठ्ठीऐवजी सरळ मेल लिहून विचारा: पाहुण्यामागे दिवसाला किती पाणी लागतं? गरम पाणी कशावर होतं? चादरी किती दिवसांनी बदलता? जो मोजतो तो आकडा सांगतो. जो मोजत नाही तो निसर्गप्रेमाचा परिच्छेद पाठवतो. बार्सिलोनाने २००० सालापासूनच नव्या इमारतींना पाणी तापवायला सौर ऊर्जा सक्तीची केलीय, तेव्हा या प्रश्नाचं इथे कुणाला नवल वाटत नाही.

प्रमाणपत्रांत युरोपीय संघाचं फूल, म्हणजे पाकळ्यांच्या जागी तारे असलेलं चिन्ह, त्यावर मी भरवसा ठेवते, कारण त्यात नळ-शॉवरच्या पाण्याच्या वेगापासून अटी ठरलेल्या असतात आणि बाहेरचा माणूस येऊन तपासतो. यादी जालावर आहे, नाव ताडून बघा. नुसतं 'पर्यावरणपूरक' लिहून पुरावा न देणं हे युरोपात २७ सप्टेंबर २०२६ पासून नियमबाह्य ठरतं. बरीच हिरवी पानं तेव्हा गळतील.

रुळावरून

मांजराताईंनी जागेचं इतकं सविस्तर सांगितलंय, मी फक्त प्रवासाचं बोलतो. स्टुटगार्टहून विमान घेऊ नका. पॅरिसपर्यंत वेगवान गाडीला साधारण सव्वातीन तास, आणि पॅरिसच्या गार द लिओंहून थेट बार्सिलोना सान्त्स, पावणेसात-सात तास. आई-बाबांना एका दिवसात झेपणार नाही, पॅरिसला एक रात्र टाका. गाडी भूमध्य समुद्राच्या काठची खाजणं ओलांडते तेव्हा दोन्ही बाजूंना पाणी असतं. बाबांना खिडकीची जागा द्या.

कृष्णाकाठ

मांजराताई, मिरजेच्या रेल्वेचं बाबांना वाचून दाखवलं. त्यांचे मित्र त्या कामावर होते, रात्रभर मिरज स्टेशनात. बाबांचा आवाज जड झाला होता. तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीन ठिकाणी मेल टाकले.

पहिलं, समुद्रालगतचं चार तारांकित. तलाव आहे. उत्तरात "शाश्वततेचा आमचा प्रवास" असं दीड पान, आकडा एकही नाही.

दुसरं, ग्रासियातलं चौदा खोल्यांचं हॉस्टाल, म्हणजे लहान साधं हॉटेल. मालकीणबाईंनी स्वतः लिहिलं: पाहुण्यामागे साधारण ११० लिटर, चादरी चार दिवसांनी, खोलीत एसी नाही पण पंखा आणि लाकडी झडपा आहेत. मला फार आवडलं. पण स्वयंपाकघर नाही, आणि ते 'पहिल्या मजल्यावर', लिफ्ट नाही. एक मजला आई चढेल.

तिसरं, संत आंतोनी भागात अख्ख्या इमारतीचं अपार्टमेंट. लिफ्ट आहे, स्वयंपाकघर आहे. पाण्याचा आकडा १३०, गरम पाणी गच्चीवरच्या सौर पत्र्यांवर. रोजची सफाई नको म्हटलं तर भाड्यात सूट देतात. दुसरं की तिसरं?

मांजरा

बाबांना माझाही नमस्कार सांगा.

हॉस्टालचं उत्तर मलाही आवडलं. पण थांबा, इथल्या मजल्यांची गोम तुम्हाला कुणी सांगितली नसेल. जुन्या इमारतींत तळमजल्यावर 'एन्त्रेसोल' असतो, त्याच्यावर 'प्रिन्सिपाल', आणि त्यानंतर 'पहिला'. म्हणजे पहिला मजला कित्येकदा आपला तिसरा. जिनेही उंच आणि गोल. माझ्या सासूबाई एकदा चढल्या आणि दोन दिवस उतरल्याच नाहीत. मालकीणबाईंना रस्त्यापासून नेमक्या पायऱ्या किती ते विचारा. चाळिसाच्या वर असतील तर आईंसाठी तो विचार सोडा.

नाही तर तिसरं घ्या. संत आंतोनी हा चांगला भाग आहे. बाजाराभोवतीचे रस्ते २०१८ मध्ये गाड्यांना जवळपास बंद करून बाकडी आणि झाडं लावलीत, संध्याकाळी आई तिथे बसू शकतील. तो बाजार लोखंडी आहे, जुना, सुंदर दुरुस्त केलेला. भाजी तिथूनच घ्या, ला बोकेरिया या पर्यटकांनी भरलेल्या बाजाराच्या गर्दीत जाऊ नका. खोली आतल्या चौकाकडची मागा. १८५९ मध्ये नगररचनाकार इल्देफोन्स सेर्दा यांनी आखलेल्या शहराच्या नकाशात इमारतींच्या प्रत्येक ठोकळ्याच्या पोटात मोकळा चौक ठेवला होता. सगळे चौक मोकळे राहिले नाहीत, पण जिथे आहेत तिथे पुढून-मागून वारा खेळतो. मेमध्ये एसी लागायचा नाही. दुपारी झडपा खाली, रात्री वर, आपल्या वाड्यांत करायचो तेच.

सफाई नको म्हणून सूट मिळते, त्यावर मात्र माझं वेगळं मत आहे. टॉवेल-चादरी बदलू नका म्हणा, जरूर म्हणा. पण सफाईच बंद केली की आमच्या बायकांचे तास कापले जातात, आणि पाचव्या दिवशी साचलेली खोली तेवढ्याच वेळात उरकावी लागते. स्पेनमध्ये खोल्या साफ करणाऱ्या बायकांची 'लास केलीस' नावाची संघटना कामाच्या याच ओझ्याविरुद्ध झगडतेय. तेव्हा सूट नाकारा आणि एक दिवसाआड सफाई मागा.

स्टेशनवरून टॅक्सी नको. सान्त्सहून हिरव्या रंगाची मेट्रो, लाइन ३, संत आंतोनीच्या बाजूला जाते; सग्रादा फामिलियाला मात्र सान्त्सहून निळी लाइन ५ थेट जाते. 'ते-कासुआल' हे दहा फेऱ्यांचं तिकीट एकाच माणसाला चालतं, तिघांची तीन काढा. पार्क ग्वेलला २४ नंबरच्या बसने जा, ती कार्मेलच्या बाजूने जाते म्हणून चढ वाचतो. ११६ नंबरच्या लहान बसमध्ये मात्र चढू नका. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना आपल्याच बसमध्ये जागा मिळेना, म्हणून २०२४ मध्ये पालिकेने ती गूगलच्या नकाशावरून काढून घ्यायला लावली.

आणि खोलीत ओल्या कचऱ्याचा डबा वेगळा आहे का बघा. नसेल तर मागून घ्या. रस्त्यावर तपकिरी पेटी ओल्याची, पिवळी प्लास्टिक-डब्यांची, निळी कागदाची, हिरवी काचेची.

पायऱ्यांचं उत्तर आलं की इथेच कळवा. बुधवारी मला सुट्टी असते, तुम्ही त्या आठवड्यात असाल तर बाबांना एल प्रातच्या बाजूला घेऊन जाईन. कारखाना आतून बघता येईल की नाही ते विचारून ठेवते, नाहीच जमलं तर ल्योब्रेगात नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत तरी जाऊ. येताना मिरजेच्या रेल्वेची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकायची आहे.