वायंगणी (पावसाळ्यानंतरची) भेंडी पिवळी: युरिया जातो कुठे?

प्रश्न (पेडणे, गोवा): जांभ्याची जमीन, पाटाचं पाणी. युरिया फेकला की आठवड्याभरात भेंडी परत पिवळी पडते.

उत्तर (साखळी): वाफा तुंबला की मातीतली हवा संपते आणि जिवाणू युरियापासून बनलेल्या नायट्रेटचे नायट्रोजन आणि नायट्रस ऑक्साइड हे वायू करतात, ते हवेत उडून जातात. बाकीचं नत्र (नायट्रोजन) पाण्याबरोबर खाली झिरपतं. ठिबक घाला, गुंठ्याला आठवड्याला २०० ग्रॅम युरिया द्या. आधी नुसतं पाणी, मग खत, शेवटची दहा मिनिटं पुन्हा पाणी. नाहीतर खत नळीतच राहतं.

उत्तर (काणकोण): मातीचा सामूही (pH) तपासा. ५.५ च्या खाली असेल तर आधी चुना, युरिया दोन-तीन आठवड्यांनी. एकत्र दिलात तर अमोनिया उडून जातो. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला.