वार्मुसस्ट्राटवरचं कंडोमचं दुकान: 'सुधारलेल्या' ॲमस्टरडॅममध्ये ते कुठं बसतं?

पाणथळ_पुणेकरीण
विषय जरा वेगळा आहे, नाकं मुरडायची असतील त्यांनी पुढचा धागा उघडावा 🙂

मागच्या वीकेंडला नणंद आणि तिचे मिस्टर आले होते. सेंट्रल स्टेशनवरून डाम चौकाकडे निघालो, डामराकवर मरणाची गर्दी म्हणून मागच्या वार्मुसस्ट्राटनं वळले आणि क्रास्नापोल्स्की हॉटेलच्या मागे ते कॉन्डोमरी आलंच समोर. शोकेसमध्ये हातानं रंगवलेले कंडोम, प्राण्यांची तोंडं काय, पवनचक्क्या काय. भाऊजींना त्याच क्षणी समोरच्या घरांच्या आर्किटेक्चरची आवड निर्माण झाली. नणंद मात्र थेट आत, आणि बाहेर येऊन म्हणते, अगं हे तर मेडिकलच्या दुकानासारखंच आहे की, कसली लाजायची गोष्ट यात.

तर प्रश्न असा की पालिका गेली कित्येक वर्षं डे वॉलेनचा, म्हणजे इथल्या लाल दिव्यांच्या वस्तीचा, कायापालट करायच्या मागे आहे, वेश्याव्यवसायाच्या खिडक्या कमी केल्या, मे २०२३ पासून तिथं रस्त्यावर गांजा ओढायला बंदी, ब्रिटिश पोरांना 'दंगा करायला येऊ नका' अशा जाहिराती. मग या सगळ्यात हे दुकान नक्की कुठं मोडतं? जुन्या बदनाम वस्तीचा उरलेला तुकडा, की उलट पालिकेला जशी हवीत तसलं एक दुकान? जुन्या लोकांनी सांगा.

कालवेकाका
तुम्ही 'उरलेला तुकडा' म्हणताय तिथंच गडबड आहे. दुकान १९८७ चं. फक्त कंडोमचं असं जगातलं पहिलं, असं ते स्वतः सांगतात. तेव्हा त्या भागाची बदनामी खिडक्यांपेक्षा हेरॉइनमुळे जास्त होती, वरच्या टोकाला झेडाइकवर तर दिवसाढवळ्या जायला लोक कचरायचे. मी नव्वदीच्या सुरुवातीला आलो तेव्हाही ऑफिसातला डच माणूस सांगायचा की पाकीट पुढच्या खिशात ठेव. अशा रस्त्यावर स्वच्छ दिवे लावून, काचेत माल मांडून, हसून बोलणारी माणसं काउंटरला ठेवून कुणी दुकान काढलं तर वस्तीतलं सभ्य दुकान तेच होतं.

आणि वेळ बघा कोणती. एड्सवर तेव्हा धड औषध नव्हतं, तीन औषधांचा एकत्र उपचार आला १९९६ च्या सुमारास. डच घरांत गर्भनिरोधक गोळीची सवय होती, त्यामुळे गर्भ राहायची भीती नाही म्हणून कंडोमकडे कुणी बघायचं नाही. ज्या गोष्टीची लाज वाटते ती आधी हसण्यावारी न्या, मग लोक आपोआप विचारायला येतात, असा त्यांचा खाक्या होता बहुतेक, म्हणून तर शोकेसमधली ती चित्रं.

शेजारीच १३९ नंबरला डब्ल्यू१३९ आहे, १९७९ साली रिकाम्या इमारतीत घुसून चित्रकारांनी सुरू केलेली जागा, अजून चालू आहे. म्हणजे ही दोन्ही दारं एकाच काळातली, स्वस्त भाड्याच्या आणि कुणी विचारत नसलेल्या रस्त्यावरची.

टल्ली_टुरिस्ट
काका, इतिहास छान आहे पण आजचं बोला ना. आज ते सूव्हेनिरचं दुकान आहे, बस्स. दारात उभं राहून सेल्फी काढणारी गर्दी बघा, शंभरातल्या किती जणांना तिथून खरंच काही वापरायला घ्यायचंय? इथले लोक क्राउडफाट नाहीतर एटोससारख्या साबण-शांपूच्या दुकानातून शांपूबरोबर पाकीट उचलतात. मला दुकानाबद्दल राग नाही पण 'आरोग्य आरोग्य' म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवू नका.

नीलाक्षी_डी
@टल्ली, अर्धं पटलं. मी लैंगिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते (इथंच, जास्त सांगत नाही) म्हणून उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहिते.

एटोसच्या रॅकवर जे मिळतं ते बहुतेक एकाच मापाचं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात ५२ नाहीतर ५३ असं लिहिलेलं असतं, ती सपाट ठेवल्यावरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. आता सगळ्या माणसांना एकाच नंबरची चप्पल विकली तर कसं होईल? घट्ट असला की त्रास होतो, फाटायची भीती, सैल असला की निसटतो, आणि मग माणूस म्हणतो 'मला नाही जमत बुवा' आणि वापरणंच सोडतो. बाजारात ४७ पासून ६९ पर्यंत मापं आहेत. पण ती कुठून घेणार आणि विचारणार कुणाला? स्पेशल दुकान लागतं ते यासाठी. तिथं काउंटरवरच्या माणसाला मापाचं विचारलं तर तो चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगतो, आणि लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर दुसऱ्या मटेरियलचा काढून देतो.

आपल्याकडचं आठवतंय का, २००६ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीची बातमी आली होती, बाराशेवर पुरुषांची मापं घेतली आणि निष्कर्ष असा की बाजारातलं आंतरराष्ट्रीय माप बऱ्याच जणांना मोठं होतं. लोकांनी त्यावर फक्त विनोद केले. मापानुसार माल मागायची हिंमत किती जणांनी केली? मेडिकलवाला वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो तिथं माप काय विचारणार, डोंबल.

(आणि विषय निघालाच आहे तर: खोबरेल तेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल लॅटेक्सबरोबर नको, रबर कमजोर होतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं ल्युब्रिकंट घ्या. हे मला मराठी जोडप्यांना इतक्यांदा सांगावं लागतं.)

नकाशेवाला
पालिकेच्या बाजूनं थोडं. २००७ ला 'प्रोजेक्ट १०१२' सुरू झालं, १०१२ म्हणजे त्या भागाचा पिनकोड. त्यात 'गुन्हेगारीला पोषक' धंद्यांची यादीच होती, आणि लोकांना वाटतं तशी ती फक्त सेक्सची नव्हती: खिडक्या आणि कॉफीशॉप (इथं म्हणजे गांजा विकणारी) तर होतेच, पण मसाज पार्लर, फोनची दुकानं, मिनी-सुपरमार्केट आणि सूव्हेनिरची दुकानंसुद्धा. शंभरावर खिडक्या बंद झाल्या, काही ठिकाणी फॅशन डिझायनर आणून बसवले. मग मोकळ्या झालेल्या रस्त्यांवर आलं कोण? नुटेला लावलेले वॉफल आणि चीज. गर्दी अजून वाढली!

म्हणून २०१७ च्या ऑक्टोबरपासून सेंटरमध्ये फक्त पर्यटकांसाठीची नवीन दुकानं काढायला बंदी. डामराकवरच्या एका चीजच्या दुकानानं कोर्टात भांडून पाहिलं, २०१८ च्या डिसेंबरात वरच्या कोर्टानंही पालिकेचीच बाजू घेतली. म्हणजे गंमत बघा, या शहरात पर्यटकांचं चीज विकणं नियमात बसलं नाही आणि दोन गल्ल्या मागे कंडोमचं दुकान निवांत चालू आहे. अर्थात ते आधीपासूनचं आहे, नियम नव्यांना लागू, त्यामुळे फार आध्यात्मिक अर्थ काढू नका. पण मूळ प्रश्नाचं उत्तर मिळतंच, की शहराला सेक्सची लाज नाही, त्यांना वैताग आहे गर्दीचा. खिडक्यांसमोरून ग्रुप टूर न्यायला २०२० पासून बंदी, खिडक्या पहाटे सहाऐवजी तीनला बंद, हे सगळं झोप न मिळणाऱ्या रहिवाशांसाठी.

आता खिडक्यांचा एक मोठा भाग उचलून 'इरॉटिक सेंटर' म्हणून युरोपाबुलेव्हारला न्यायचं २०२३ च्या डिसेंबरात पालिकेनं ठरवलं, म्हणजे राय एक्झिबिशन सेंटरजवळ, आपल्या अर्ध्या मंडळींच्या ऑफिसपासून सायकलवर! जवळच ऑफिस असलेल्या युरोपियन मेडिसिन्स एजन्सीनं कडाडून विरोध केला. बघू. 'माझ्या गल्लीत नको' म्हणायला आता आपला नंबर.

बारदेशकर
गोव्यातून लिहितोय. कळंगुटला २०२१ च्या फेब्रुवारीत असंच एक दुकान उघडलं होतं, तिथं खेळणी वगैरेही होती, पेपरात 'देशातलं पहिलं' म्हणून फोटो आले. महिन्याभरात बंद. लोकांच्या तक्रारी आल्या, पंचायत म्हणाली ट्रेड लायसन्स नाही. लायसन्स नसेल तर बंद करायला हवंच, त्यात वाद नाही, पण त्याच पट्ट्यात काय काय चालतं ते आम्हाला माहीत आहे, आणि मांडवीत कॅसिनोच्या बोटी झगमगतात त्याचं कुणाला काही नाही. दारू चालते, जुगार चालतो, मात्र शोकेसमध्ये कंडोम-बिंडोम दिसला की गावाची बदनामी. तुमच्याकडच्या दुकानाला पस्तीसेक वर्षं मिळाली लोकांच्या नजरेत मुरायला, आमच्याकडच्याला तेवढे दिवसही नाहीत.

टल्ली_टुरिस्ट
@नीलाक्षी_डी मापाचा मुद्दा मान्य, हे माहीत नव्हतं. तरी माझं म्हणणं तेच, शोकेस टुरिस्टसाठीच आहे.

कालवेकाका
असू दे की. माझा अंदाज असा की शोकेसमधल्या पवनचक्क्या खपतात म्हणून आतली ४७ ते ६९ ची फळी ठेवायला परवडते. दुकानाचं भाडं त्या भागात काय असेल याचा विचार करा, नुसत्या स्थानिक गिऱ्हाइकावर कोण टिकतंय? रस्त्यावर जुनं म्हणावं असं उरलंय तरी काय, गील्सचं चहा-कॉफीचं दुकान एकोणिसाव्या शतकापासूनचं, ते चित्रकार आणि हे. उद्या यातलं एक गेलं तर त्या जागी कोण येईल? बबल टीवाला.

पाणथळ_पुणेकरीण
सगळ्यांना धन्यवाद. नकाशेवाला, त्या युरोपाबुलेव्हारचा वेगळा धागा काढा ना, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरून आत्ताच रण पेटलंय आणि त्यातल्या कुणालाच धड माहिती नाही.