सगळ्या क्लिप आधीच कन्व्हर्ट करू नका
व्हिडिओ एडिट करताना ४के आणि १०८०पी फुटेज एकत्र वापरायचं तर सगळ्या क्लिप आधी १०८०पीमध्ये कन्व्हर्ट करा, असा सल्ला काही जण देतात. मी तसं करणार नाही. कन्व्हर्ट करताना थोडी क्वालिटी जातेच, शिवाय ४केचा खरा फायदा हातचा जातो. ४केच्या ३८४०×२१६० च्या फ्रेममध्ये १०८०पीच्या १९२०×१०८० च्या चौपट पिक्सेल असतात, त्यामुळे १०८०च्या टाइमलाइनवर (एडिटिंगमध्ये क्लिप जिथे ओळीने मांडतो ती पट्टी) ४के क्लिप दुप्पट झूम केली तरी चित्र फाटत नाही. मुलाखतीत एकाच कॅमेऱ्याच्या शॉटमधून मिड आणि क्लोजअप दोन्ही निघतात, हे फार मोलाचं आहे!

प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘स्केल टू फ्रेम साइज’ हा पर्याय मात्र टाळा. त्याने क्लिप टाइमलाइनच्या मापाला रीसँपल होते, म्हणजे जास्तीचे पिक्सेल जातात, आणि नंतर झूम केलं की चित्र मऊ पडतं. ‘सेट टू फ्रेम साइज’ने फक्त स्केलचा आकडा बदलतो, मूळ पिक्सेल शाबूत राहतात.

रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनचं रिझोल्यूशन नंतरही बदलता येतं. प्रोजेक्टचा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) मात्र क्लिप आत घेण्याआधीच ठरवा, तिथे नंतर पंचाईत होते.

कॉम्प्युटर अडखळत असेल तर प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी) बनवा आणि एक्स्पोर्ट मूळ फाइलवरूनच करा.