इंडोनेशियाचा कोळसा मुंबईत खरंच स्वस्त पडतो का?

घाटकोपरकर
तळोज्याच्या बॉयलरसाठी आयात कोळशाची तुलना करतोय. इंडोनेशियाचा ४२०० जीएआर (किलोमागे एकूण उष्णता, किलोकॅलरीत) टनाला ४८ डॉलर एफओबी (तिकडच्या बंदरात जहाजात भरून) सांगतायत, दक्षिण आफ्रिकेचा ५५०० एनएआर (ओलाव्याची वाफ होण्यात जाणारी उष्णता वजा करून) ७५. जहाजभाडं मुंबईपर्यंत १४ आणि १५ धरलंय. एवढा फरक असताना आफ्रिकेचा माल कोण घेतं? आणि इंडोनेशियाला हा भाव परवडतो कसा?

कोलडेस्क
आधी दोन्ही माल एका मापावर आणा. ४२०० जीएआर म्हणजे एनएआरवर साधारण ३८००. ओलावाच ३५ टक्क्यांच्या आसपास असतो, त्याची वाफ करण्यात उष्णता जाते. तुमच्याच आकड्यांनी ६२ भागिले ३.८, म्हणजे दर १० लाख किलोकॅलरीला १६.३ डॉलर. आफ्रिकेचे ९० भागिले ५.५, म्हणजे १६.४. इथेच बरोबरी झाली.

आता उतराई, बार्ज आणि ट्रकचे मिळून टनाला १२ डॉलर वाढवा. १९.५ विरुद्ध १८.५! टनावर बसणारा प्रत्येक खर्च हलक्या, म्हणजे कमी उष्मांकाच्या, कोळशाला जास्त झोंबतो. टनामागे ४०० रुपयांचा सेसही तसाच होता. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. कर किमतीवर आल्यामुळे हलक्या मालाला थोडा दिलासा आहे. तुमचं उत्पादन करपात्र असेल तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळेल. वीज जीएसटीबाहेर, म्हणून वीजकेंद्रांना ते मिळत नाही.

बार्जमास्तर
इंडोनेशियाला परवडण्याचं कारण नदी. तिथल्या कालिमांतानच्या (बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडचा भाग) बऱ्याच खाणी नदीपासून जवळ आहेत. ट्रकने जेट्टी, ३०० फुटी बार्जमध्ये साडेसात-आठ हजार टन, महाकाम नदीतून मुखाबाहेर, आणि तिथे नांगरलेल्या जहाजात फ्लोटिंग क्रेनने भरणी. रेल्वेचं भाडं नाही, खोल धक्का बांधायला नको. ७५ हजार टनांच्या पॅनामॅक्सला दहाएक बार्ज पुरतात.

दुखणीही याच साखळीत आहेत. पाऊस लागला की खाणीतले मातीचे रस्ते बंद, बार्ज रिकामे, जहाज उभं आणि डेमरेज (जहाज खोळंबल्याचा दंड) चालू. खाण खोल जाते तसं टनामागे उपसायचं मातीदगड वाढतं, म्हणजे डिझेल वाढतं. शिवाय उत्पादनाचा २५ टक्के हिस्सा देशात द्यावा लागतो, वीज कंपनीला ७० डॉलरच्या कमाल भावाने. जगात भाव चढला की त्या हिश्श्यावर कमाई बुडते. जानेवारी २०२२ मध्ये तर सरकारने निर्यातच थांबवली होती.

कोलडेस्क
आफ्रिकेचं उलट. कोळसा चांगला, खाणखर्च रँडमध्ये आणि विक्री डॉलरमध्ये, पण रेल्वेने घात केला. तिथल्या रिचर्ड्स बे या कोळसा टर्मिनलची क्षमता वर्षाला ९.१ कोटी टन, २०२३ मध्ये निर्यात सुमारे ४.७ कोटी. इंजिनांची टंचाई, तांब्याच्या केबलची चोरी. मग माल ट्रकने न्यायचा, आणि खाणीचा स्थिर खर्च कमी टनांवर वाटायचा. निव्वळ खाणीच्या खर्चावरून एखाद्या देशाची निर्यात स्वस्त ठरवणं म्हणूनच चुकीचं आहे.

घाटकोपरकर
म्हणजे करार आफ्रिकेशीच करू?

बार्जमास्तर
आधी बॉयलर कोणत्या कोळशासाठी बनवलाय ते बघा. ३८०० चा माल घेतला तर तेवढ्याच वाफेसाठी जवळपास दीडपट टन जाळावे लागतील. फीडर (कोळसा आत सोडणारं यंत्र) आणि आयडी फॅन (धूर ओढणारा पंखा) यांना तेवढं झेपेल का, हे उत्पादकाकडून लेखी घ्या.

करारात भाव एनएआरवर लिहा, उष्मांक कमी भरला तर त्याच प्रमाणात भाव कमी, आणि ठरावीक पातळीखाली माल नाकारण्याचा हक्क. ओलाव्यालाही कमाल मर्यादा हवी. इंडोनेशियाचा माल भरताना तापमानाची नोंद मागा. ५५ अंशांवरचा कोळसा जहाजात घेऊ नये असा सागरी नियम आहे, कारण हा कोळसा होल्डमध्ये (जहाजाच्या माल ठेवायच्या कप्प्यात) आपोआप तापतो. यार्डातही ढीग बसका ठेवा, वरून दाबून घ्या आणि आधी आलेला माल आधी जाळा.